संगणक जागा झाला, नेटवर्क उठेना!

सोमवारची सकाळ. घड्याळात पावणेदहा वाजलेले. कर्मचारी जागेवर येऊन बसतो, संगणकाचे बटण दाबतो आणि शुक्रवारी सायंकाळी अर्धवट ठेवलेले काम जसेच्या तसे पडद्यावर उभे राहते. तोच तक्ता, तेच निम्मे लिहून झालेले पत्र, कर्सरही त्याच ओळीवर लुकलुकत असलेला. सारे काही जागच्या जागी असते, नसते ते फक्त नेटवर्क. सामायिक फोल्डरवर लाल फुली दिसते, प्रिंटर 'ऑफलाइन' असल्याचे सांगतो आणि ई-मेल जोडणीच्या प्रतीक्षेत अडकून राहते. मग संगणक विभागाचा अंतर्गत क्रमांक फिरवला जातो. पलीकडून ठरलेले उत्तर येते, 'एकदा रिस्टार्ट करून बघा.'

हा प्रसंग इतका नित्याचा झाला आहे, की त्यात काही दखल घेण्याजोगे आहे असे कोणालाच वाटत नाही. खोळंबा असतो पाच-दहा मिनिटांचा. परंतु या खोळंब्यातून कार्यालये जो धडा घेतात, तो मात्र महागात पडणारा आहे. संगणक झोपला की नेटवर्क तुटते, तेव्हा संगणकाला झोपूच द्यायचे नाही, असा तो धडा. तो घेतला गेला की रात्रभर आणि शनिवार-रविवारी रिकाम्या कार्यालयात संगणक जागत राहतात. विजेची बचत व्हावी म्हणून तीन दशकांपूर्वी आखलेली एक चांगली व्यवस्था अशा रीतीने किरकोळ भासणाऱ्या दोषापायी कागदावरच राहते.

हा विषय आता चर्चेस घेण्याला कारण आहे. विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या यंत्रांपैकी अनेकांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे कार्यालयांपुढे मोठ्या संख्येने यंत्रे बदलण्याचा प्रश्न उभा राहिला. नव्या लॅपटॉपांची झोपण्याची रीत जुन्यांहून वेगळी आहे. खरेदीच्या वेळी या बाबीकडे लक्ष दिले नाही, तर पुढची पाच-सात वर्षे तोच खोळंबा आणि तेच वीजबिल पुन्हा सोसावे लागणार आहे.

झोपेचे दोन प्रकार

वैयक्तिक संगणकाने वीज वाचवावी, या विचाराला सार्वजनिक धोरणाचे रूप मिळाले ते अमेरिकेत. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ मध्ये 'एनर्जी स्टार' हा ऐच्छिक उपक्रम सुरू केला आणि त्यात पहिली वर्णी लागली ती संगणक व पडद्यांची. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९९३ मध्ये, तत्कालीन अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी सरकारी खात्यांनी या निकषांत बसणारेच संगणक घ्यावेत असा आदेश काढला. एवढा मोठा ग्राहक पुढे आल्यावर उत्पादकांना वीजबचतीकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नव्हते.

डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून 'एसीपीआय' हे मानक प्रसिद्ध केले. यंत्राच्या कोणत्या भागाला केव्हा वीज द्यायची आणि केव्हा तोडायची, हा निर्णय त्यामुळे संगणकाच्या प्रणालीकडे आला. या मानकात झोपेच्या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. त्यांतील दोन सामान्य वापरकर्त्याच्या परिचयाच्या आहेत. तिसरी पायरी म्हणजे साधी झोप, अर्थात 'स्लीप'. हिच्यात बाकीचे सारे बंद होते, परंतु स्मृतीला, म्हणजे रॅमला, थोडी वीज मिळत राहते. चौथी पायरी म्हणजे 'हायबरनेशन'. हिच्यात स्मृतीतील संपूर्ण मजकूर डिस्कवरील एका मोठ्या फाइलमध्ये उतरवला जातो आणि यंत्राचा वीजपुरवठा जवळजवळ पूर्णपणे तोडला जातो. पुन्हा बटण दाबले की ती फाइल वाचून स्मृती पूर्वीसारखी भरली जाते. मधल्या काळात वीज गेली तरी काम सुरक्षित राहते. भारनियमनाचे चटके सोसलेल्या महाराष्ट्रातील वापरकर्त्याला या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको.

मागे पडलेला क्षण

मग दोष कोठे निर्माण होतो? हायबरनेशनमधून उठलेला संगणक वस्तुतः एका जुन्या क्षणात जागा होतो. शुक्रवारी सव्वासहाला त्याच्या स्मृतीत जे होते, ते सोमवारी पावणेदहाला पुन्हा मांडले जाते. पत्र लिहिण्याच्या आज्ञावलीला त्याने काही फरक पडत नाही, कारण पत्र त्या यंत्रातच असते. नेटवर्कचे तसे नाही. नेटवर्कवरील प्रत्येक जोडणी हा दोन यंत्रांमधील करार असतो. झोपलेल्या संगणकाच्या लेखी तो करार अजून चालू असतो, तर पलीकडच्या सर्व्हरने उत्तर येत नाही असे पाहून तो केव्हाच मोडीत काढलेला असतो. उठल्यावर हे सारे करार नव्याने आणि ठरावीक क्रमाने करावे लागतात. त्या साखळीतील कोणतीही एक कडी निसटली, तरी कर्मचाऱ्याला दिसणारा परिणाम एकच असतो, तो म्हणजे 'नेटवर्क नाही'.

पहिली कडी यंत्राच्या पोटातच आहे. नेटवर्क कार्डाची वीज तोडलेली असते. ती परत मिळाल्यावर कार्डाला पुन्हा कामाला लावणे हे 'ड्रायव्हर' नामक छोट्या आज्ञावलीचे काम. हा ड्रायव्हर लिहितो कार्ड बनवणारा, तो बसवतो संगणक विकणारा आणि त्याला हुकूम देते तिसऱ्याच कंपनीची प्रणाली. तिघांपैकी एकाचाही अंदाज चुकला तर कार्ड 'आहे' असे दिसते, पण कामास लागत नाही. रिस्टार्टने ते ताळ्यावर येते, कारण त्यात ड्रायव्हर मुळापासून नव्याने सुरू होतो.

दुसरी कडी कार्यालयातील स्विचची, म्हणजे साऱ्या तारा जेथे येऊन मिळतात त्या पेटीची. नवे यंत्र जोडले गेले असे दिसताच, त्यामुळे तारांचे वर्तुळ तर तयार होत नाही ना, हे अनेक स्विच आधी पडताळून पाहतात. या तपासणीच्या जुन्या पद्धतीत सुमारे ३० सेकंद जातात आणि तेवढा वेळ माहितीची ये-जा बंद असते. ज्या जोडणीवर केवळ एक संगणक आहे तेथे ही तपासणी टाळण्याची सोय असते. ती सुरू केलेली नसेल, तर जागा झालेला संगणक अर्धा मिनिट हाका मारीत राहतो आणि त्या कोणाला ऐकूच जात नाहीत.

तिसरी कडी पत्त्याची. कार्यालयीन नेटवर्कवर संगणकाला मिळणारा आयपी पत्ता सहसा कायमचा नसतो. 'डीएचसीपी' या पद्धतीने तो मुदतीवर दिला जातो. मुंबई-पुण्यातील घरांचे अकरा महिन्यांचे करार असतात, तसाच हा प्रकार. विंडोज सर्व्हरच्या मूळ मांडणीत ही मुदत आठ दिवसांची असते, पण पाहुण्यांसाठीच्या किंवा गजबजलेल्या वायफायवर ती काही तासांवर आणली जाते. मुदत संपली की पत्ता दुसऱ्या यंत्राला दिला जाऊ शकतो. उठलेल्या संगणकाने आधी चौकशी करून नवा पत्ता घ्यायचा, असा नियम आहे. पण वर सांगितलेल्या अर्ध्या मिनिटात ती चौकशीच हवेत विरली, तर संगणक स्वतःच स्वतःला १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होणारा तात्पुरता पत्ता घेऊन मोकळा होतो. हा पत्ता दिसला, की सर्व्हरशी बोलणे झालेले नाही असे खुशाल समजावे.

चौथी कडी ओळखीची. मोठ्या कार्यालयांत केवळ तार जोडली म्हणून प्रवेश मिळत नाही, तर यंत्राला आपली ओळख पटवावी लागते. कर्मचाऱ्याला सकाळी मिळालेले संगणकीय प्रवेशपत्रही मुदतीचेच असते. मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयीन व्यवस्थेत ही मुदत मूळ मांडणीनुसार दहा तासांची आहे. शुक्रवारचे प्रवेशपत्र सोमवारी चालत नाही. नवे घेण्यासाठी नेटवर्क लागते आणि नेटवर्कच अजून जागेवर आलेले नसते. घरून काम करणाऱ्याच्या बाबतीत व्हीपीएनची आणखी एक कडी वाढते. लॅपटॉप कार्यालयात झोपला आणि घरी जागा झाला, तर त्याच्या भोवतालचे सारे जगच बदललेले असते.

या क्रमातील प्रत्येक घटक एकेकटा तपासला तर बहुधा निर्दोष ठरतो. कार्ड चालते, स्विच नियमाने वागतो, सर्व्हर मुदत पाळतो. सांधे मात्र निसटलेले असतात आणि सांध्यांची जबाबदारी कोणाच्याच करारात लिहिलेली नसते. यंत्र विकणारा प्रणालीकडे बोट दाखवतो, प्रणालीवाला ड्रायव्हरकडे, आणि नेटवर्कचा ठेकेदार म्हणतो, 'आमच्याकडून सिग्नल येतो आहे.'

'बंद' म्हणजे बंद नव्हे

यावर अनेक कर्मचारी स्वतःपुरता तोडगा काढतात. झोप नकोच, सायंकाळी संगणक सरळ बंद करून घरी जायचे. तरीही सकाळी तीच तक्रार कायम राहते, तेव्हा त्यांचा गोंधळ उडतो. याचे कारण २०१२ च्या विंडोज ८ मध्ये दडलेले आहे. यंत्र लवकर सुरू व्हावे यासाठी त्या वेळी 'फास्ट स्टार्टअप' ही सोय आणली गेली आणि ती पुढील आवृत्त्यांतही राहिली. ती सुरू असताना 'शट डाउन' केले, तर वापरकर्त्याच्या आज्ञावल्या बंद होतात, परंतु प्रणालीचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती हायबरनेशनप्रमाणेच डिस्कवर लिहिली जाते. सकाळी यंत्र नव्याने सुरू झाल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात त्याचा गाभा झोपेतूनच उठलेला असतो.

म्हणजेच कालचा बिघडलेला ड्रायव्हर 'शट डाउन' करूनही आज तसाच परत येऊ शकतो. 'रिस्टार्ट'मध्ये मात्र ही स्थिती जपली जात नाही, सारे मुळापासून उभे राहते. 'एकदा रिस्टार्ट करा' या उत्तराची कितीही थट्टा होवो, त्यामागे हे तांत्रिक कारण आहे. संगणक बंद करून पुन्हा चालू करणे म्हणजेच रिस्टार्ट, ही समजूत आता खरी राहिलेली नाही. एवढी एक गोष्ट कार्यालयांनी कर्मचाऱ्यांना नीट समजावून सांगितली, तरी पुष्कळशा तक्रारी कमी होतील.

नव्या लॅपटॉपांत आणखी एक बदल झाला आहे. त्यांपैकी अनेकांत जुनी साधी झोप नाहीच. तिच्या जागी 'मॉडर्न स्टँडबाय' ही मोबाइल फोनसारखी डुलकी आली आहे. पडदा काळा होतो, पण आतले काही भाग अधूनमधून जागे होतात, आणि मांडणी तशी असेल तर नेटवर्कही धरून ठेवतात. बॅटरी ठरावीक प्रमाणात उतरली, की यंत्र स्वतःहून हायबरनेशनमध्ये जाते. त्यामुळे दुपारच्या जेवणानंतर लगेच जोडला जाणारा लॅपटॉप सोमवारी सकाळी अडून का बसतो, याचा उलगडा कर्मचाऱ्याला होत नाही. दोन्ही वेळा त्याने केवळ झाकण उघडलेले असते, झोप मात्र दोन निराळ्या प्रकारांची असते.

हिशेब दोन्ही बाजूंनी

महाराष्ट्र शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू केला आणि कार्यालयाची वेळ सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा अशी ठरवली. दिवसाचे साडेआठ तास, आठवड्याचे साडेबेचाळीस. आठवड्यात एकंदर तास असतात १६८. म्हणजे अशा कार्यालयातील संगणकासमोर आठवड्यातील १२५ तासांहून अधिक काळ कोणीही बसलेले नसते. शुक्रवारी सायंकाळपासून सोमवार सकाळपर्यंतचेच साडेत्रेसष्ट तास होतात.

उदाहरणादाखल २०० संगणकांचे एक कार्यालय घ्यावे. स्वस्थ बसलेला संगणक ४० वॅट वीज खातो आणि आठवड्यातील १२० तास तो उगाच चालू राहतो, असे धरले तर वर्षाला सुमारे ५० हजार युनिट वीज वाया जाते. युनिटला दहा रुपये धरले तर ही रक्कम पाच लाखांच्या घरात जाते. देशाच्या वीजजाळ्यात एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. त्या हिशेबाने या एका कार्यालयाच्या जागरणापोटी वर्षाला ३५ टन वायूची भर पडते. वातानुकूलन रात्री चालू राहत असेल, तर यंत्रांची उष्णता काढण्याचा खर्च निराळाच.

आता दुसरी बाजू. याच कार्यालयात रोज प्रत्येक पाचव्या कर्मचाऱ्याचे सकाळचे दहा मिनिट नेटवर्कच्या प्रतीक्षेत गेले, तर दिवसाला ४०० मिनिटे, म्हणजे पावणेसात तासांच्या आसपास वेळ वाया जातो. वर्षातील २५० कामाच्या दिवसांत तो सुमारे १,६६० तास होतो. कर्मचाऱ्याच्या तासाचे मोल ३०० रुपये धरले, तर हीसुद्धा रक्कम पाच लाखांच्या घरात जाते. यंत्रे झोपू द्यावीत तर वेळेचे पाच लाख जातात, जागी ठेवावीत तर विजेचे पाच लाख!

हे आकडे गृहीतकांचे आहेत, प्रत्येक कार्यालयात ते वेगळे निघतील. पण त्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. झोप बंद करून टाकणारा संगणक अधिकारी काही बेफिकीर नसतो. त्याच्या टेबलावर तक्रारी येतात, वीजबिल येत नाही. वीजबिल येते प्रशासन विभागाकडे आणि त्या विभागाला त्यातला किती भाग रिकाम्या खुर्च्यांसमोर जागणाऱ्या संगणकांचा आहे हे कळायला मार्ग नसतो. ज्याला त्रास होतो त्याच्याकडे खर्चाचा हिशेब नाही आणि ज्याच्याकडे हिशेब आहे त्याला कारण ठाऊक नाही. अशा रचनेत 'नेव्हर स्लीप' ही मांडणी एकदा केली, की ती बदलण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

जागरणाची दुसरी सबब

यंत्रे जागी ठेवण्यामागे आणखी एक सबळ कारण सांगितले जाते, ते सुरक्षेचे. प्रणालीतील उणिवा बुजवणारी ठिगळे रात्री बसवायची, तर संगणक नेटवर्कवर हजर हवा. हे कारण खोटे नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर आज्ञावलीने जगभर धुमाकूळ घातला. ज्या उणिवेतून ती शिरली, ती बुजवणारे ठिगळ मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये, दिले होते. ते असंख्य यंत्रांवर पोहोचलेच नव्हते. पाठोपाठ जूनमध्ये आलेल्या 'नॉटपेट्या'ने तर जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत केले. ठिगळाला झालेल्या विलंबाची किंमत काय असते, हे तेव्हा मुंबईच्या दारातच दिसले.

परंतु सदैव जागे राहणे म्हणजे सदैव सुरक्षित राहणे नव्हे, हेही एका शुक्रवारने दाखवून दिले. १९ जुलै २०२४ रोजी 'क्राउडस्ट्राइक' या सुरक्षा कंपनीने धाडलेल्या सदोष अद्ययावतीकरणामुळे जगभरातील विंडोज यंत्रे कोलमडली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार त्यांची संख्या ८५ लाख होती. भारतीय विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. सदोष फाइल मागे घेण्यास ७८ मिनिटे लागली. भारतीय वेळेनुसार हा अवधी सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांपासून १० वाजून ५७ मिनिटांपर्यंतचा होता. त्या अवधीत जे संगणक नेटवर्कवर नव्हते, ते या आपत्तीतून बचावले. भारतात कचेऱ्या उघडण्याचीच ती वेळ होती. युरोपात मात्र पहाट होती आणि अमेरिकेत मध्यरात्रीचा सुमार. तेथे रात्रभर बंद किंवा झोपेत असलेल्या यंत्रांना या गोंधळाचा स्पर्शही झाला नाही.

या दोन घटनांमधून एकच निष्कर्ष निघतो. संगणकाने केव्हा जागे असावे हे कामाच्या गरजेनुसार ठरायला हवे. ठिगळांसाठी आठवड्यातील एका रात्रीचे दोन तास पुरतात, त्यासाठी सातही रात्रींचे जागरण कशाला?

हजेरी लावणारा 'प्रॉक्सी'

झोपलेल्या यंत्राला दुरून उठवण्याची सोय नवी नाही. 'वेक-ऑन-लॅन' ही पद्धत १९९० च्या दशकाच्या मध्यापासून उपलब्ध आहे. नेटवर्क कार्डाला किंचित वीज मिळत राहते आणि त्याच्या नावाचा विशिष्ट संदेश आला, की ते संपूर्ण यंत्राला जागे करते. पुढे आणखी एक चांगली कल्पना मांडली गेली. २०१० मध्ये 'एक्मा ३९३' या मानकाने झोपलेल्या संगणकाच्या वतीने कार्डानेच नेटवर्कवरील किरकोळ चौकश्यांना उत्तरे द्यावीत, अशी व्यवस्था सुचवली. महाविद्यालयात गैरहजर मित्राची 'प्रॉक्सी' हजेरी लावली जाते, तोच हा प्रकार, फक्त येथे तो अधिकृत आहे. यजमान झोपलेला असतो, पण त्याची जागा आणि पत्ता राखून ठेवला जातो. विंडोज ७ पासून या विचाराचा काही भाग प्रत्यक्षातही आला.

तरीही या सोयी अनेक कार्यालयांत वापराविना पडून राहतात. उठवण्याचा संदेश नेटवर्कच्या एका विभागातून दुसऱ्यात सहज जात नाही. अशा सामूहिक संदेशांचा हल्ल्यांसाठी गैरवापर होऊ लागल्यावर १९९९ पासून राउटरनी ते मुळातच अडवावेत असा दंडक झाला, आणि तो योग्यच आहे. वायफायवर ही सोय बेभरवशाची ठरते. शिवाय 'फास्ट स्टार्टअप'ने बंद झालेले यंत्र मायक्रोसॉफ्टच्या रचनेत या संदेशाला दाद देत नाही. यंत्राच्या मूळ मांडणीत ही सोय अनेकदा बंदच असते, ती प्रत्येक संगणकावर जाऊन सुरू करावी लागते. तेवढे कष्ट घेण्यापेक्षा सारे संगणक चालू ठेवणे सोपे वाटते.

करता येण्यासारखे

यातून वाट काढायला फार मोठ्या खर्चाची गरज नाही. कर्मचाऱ्याने घरी जाताना सामायिक फोल्डरमधील फाइली जतन करून बंद कराव्यात. विशेषतः अनेकांनी मिळून वापरावयाच्या विदागाराची जोडणी मधेच तुटली, तर त्याची फाइल बिघडण्याचा धोका असतो. व्हीपीएन चालू ठेवून झाकण मिटू नये. सकाळी यंत्र उठल्यावर मिनिटभर थांबावे. जोडणी आलीच नाही तर तार काढून पुन्हा लावावी किंवा वायफाय बंद करून सुरू करावे. त्याने पत्त्याची आणि ओळखीची प्रक्रिया नव्याने सुरू होते. एवढ्यावर भागले नाही तरच रिस्टार्ट करावे. आठवड्यातून एकदा, शक्यतो शुक्रवारी, रिस्टार्ट करण्याची सवयही उपयोगी पडते.

संगणक विभागाचे काम याहून मोठे आहे. एका संगणकाची जोडणी असलेल्या स्विचच्या दारांवरील ३० सेकंदांची तपासणी टाळणे, पत्त्याची मुदत कार्यालयाच्या आठवड्याशी जुळवून घेणे, नेटवर्क कार्डाचे ड्रायव्हर उत्पादकाकडून घेऊन अद्ययावत ठेवणे, ही कामे एकदा नीट केली की वर्षभर पुरतात. वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची मुभा प्रणालीला द्यावी की नाही, हे एका मांडणीत ठरवता येते. काही यंत्रांवर ती मुभा काढून घेतल्यानेच तक्रार थांबते. अशा वेळी झोपेची सोय शाबूत ठेवून केवळ कार्डापुरता अपवाद करता येतो. 'फास्ट स्टार्टअप'चा त्रास होत असेल तर तेही बंद करता येते. आताच्या वेगवान डिस्कवर त्याने फारसा वेळ वाढत नाही.

काही यंत्रांना मात्र जागे ठेवावेच लागते. सर्व्हर, चित्रीकरणाची नोंद ठेवणारे संगणक, रुग्णालयातील उपकरणांना जोडलेली यंत्रे, घरून काम करणारे कर्मचारी दुरून वापरतात ते संगणक यांना झोपवून चालणार नाही. त्यांची यादी करावी आणि बाकीच्यांना झोपू द्यावे. आज बहुतेक ठिकाणी नेमके उलटे घडते. पाच यंत्रांच्या गरजेपोटी दोनशे यंत्रे जागतात.

सर्वांत महत्त्वाची जागा आहे ती खरेदीच्या निविदेची. तिच्यात प्रोसेसर, स्मृती आणि डिस्क यांचे आकडे बारकाईने लिहिलेले असतात. वीजबचतीचे प्रमाणपत्रही मागितले जाते. परंतु यंत्र झोपेतून उठल्यावर कार्यालयाच्या नेटवर्कला किती वेळात जोडले जावे, याबद्दल अवाक्षर नसते. नमुन्याचे यंत्र आपल्याच नेटवर्कवर आणावे, ते वीस वेळा झोपवून वीस वेळा उठवावे, त्यातील काही वेळा रात्रभर झोपू द्यावे आणि दरवेळी एका मिनिटाच्या आत सामायिक फोल्डर उघडतो की नाही ते पाहावे. दोन-तीन दिवसांच्या या चाचणीने पुढील अनेक वर्षांचा प्रश्न सुटू शकतो. सांध्याची जबाबदारी कोणाची, हा वादही तेथेच मिटतो, कारण ती विकणाऱ्याने स्वीकारलेली असते.

याच्या जोडीला संगणक विभागाला आपल्या यंत्रांचे रात्रीचे वीजबिल दिसू लागले पाहिजे. मजल्यावर एक उपमीटर बसवला तरी ते साधते. तक्रारींची संख्या आणि युनिटांची संख्या एकाच अहवालात शेजारी शेजारी आली, की कोणता निर्णय स्वस्त आणि कोणता महाग हे सांगायला तज्ज्ञ लागणार नाही.

वीजबचतीच्या मोहिमा प्रामुख्याने माणसाच्या सवयींवर बोट ठेवतात. दिवे मालवा, पंखे बंद करा, संगणक झोपवा, अशा पाट्या भिंतीवर लागतात. कर्मचारी त्या पाळतोही. पण पाळल्याबद्दल त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी दहा मिनिटे ताटकळावे लागले, तर तो ती सवय सोडून देणार, आणि त्यात त्याचा दोष नाही. बचतीची सवय रुजवायची असेल तर ती पाळणाऱ्याला त्रास होता कामा नये. सोमवारी सकाळी पावणेदहाला संगणकाबरोबर नेटवर्कही उठले, तर शुक्रवारी सायंकाळी यंत्र झोपवण्यासाठी भिंतीवरच्या पाटीची गरज उरणार नाही.